मागच्या आसनाची पेडलं

सांताक्रूझच्या हँगरमध्ये मी नोकरीभर कंट्रोल केबलचं काम केलं. केबलचा ताण मोजायचा, टर्नबकल फिरवायचा, लॉकवायर पिळायची. त्यामुळे कुठलंही विमान पाहिलं की माझी नजर आधी रडरच्या पेडलांकडे जाते. घरी बांधलेल्या विमानांत तर हमखास. तिथे कुणाच्या पायाशी पेडलं द्यायची, हे बांधणाऱ्यालाच ठरवावं लागतं.

सुरुवातीच्या काळात पेडलं असायलाच हवीत असं नव्हतं. राइट बंधूंनी १९०२ च्या ग्लायडरचं हलतं रडर पंख मुरडणाऱ्या, वैमानिकाच्या कमरेखालच्या पाळण्याला जोडलं होतं. कंबर सरकवली की पंख आणि रडर एकदमच हलायचे. फ्रान्सच्या आंरी मिन्येने १९३४ साली पुस्तक लिहून आपलं ‘पू-दु-सिएल’ लोकांना घरी बांधायला दिलं. त्यातही पेडलं नव्हती, काठी आडवी नेली की रडर वळे. पुढे या विमानांना अपघात झाले. मागच्या-पुढच्या पंखांमधल्या हवेच्या खेळामुळे सूर मारलेलं विमान वर उचलता येत नसे. दोष पंखांचा होता, पण त्यानंतर घरगुती विमानांकडे सगळेच संशयाने पाहू लागले.

पेडलं असलेल्या दुसऱ्या आसनाचा मान वाढवला तो रॉबर्ट स्मिथ-बॅरी यांनी. १९१७ साली इंग्लंडमधल्या गॉसपोर्टला त्यांनी शिकवण्याची रीतच पालटली. अॅव्रो विमानात दोघांपुढेही पुरती नियंत्रणं, बोलायला रबरी नळी, आणि धोक्याच्या स्थितीत विमान मुद्दाम नेऊन त्यातून बाहेर काढायचा सराव. रडर किती दाबायचं हे शब्दांत सांगता येत नाही. शिकणाऱ्याचा पाय पेडलावर असताना शिकवणाऱ्याने आपलं पेडल दाबलं, तरच ते कळतं. ही रीत आपल्याकडे जुहूलाही आली. बॉम्बे फ्लाइंग क्लबमध्ये दुहेरी नियंत्रणांच्या मॉथ विमानावर शिकूनच जे. आर. डी. टाटांनी फेब्रुवारी १९२९ मध्ये भारतातला पहिला वैमानिक परवाना मिळवला.

एवढी जुनी रीत बर्ट रुटन यांनी मोडावी याचं मला आधी नवल वाटलं होतं. कॅलिफोर्नियातल्या मोहावीला त्यांनी आखलेलं लाँग-ईझी १९७९ साली उडालं, आणि १९८५ पर्यंत त्याचे आराखडे विकले गेले. फोम आणि काचतंतूंचं हे विमान एकामागे एक बसणाऱ्या दोघांसाठी आहे. इंजिन मागे, छोटा पंख पुढे, आणि मुख्य पंखांच्या टोकांशी उभ्या पात्यांवर दोन रडर. मागच्याला काठी दिली आहे, पेडलं नाहीत.

लेकीकडे कॅलिफोर्नियाला गेलो असताना अशा एका विमानात मागची पेडलं बसवायच्या कामात मला हात घालायला मिळाला, तेव्हा रुटन यांचा विचार उमगला. यातलं प्रत्येक रडर फक्त बाहेरच्या बाजूला वळतं. डावं पेडल डावं रडर उघडतं, उजवं उजवं. दोन्ही दाबली तर दोन्ही उघडतात आणि वेग कमी होतो. हवेत विमान काठीवरही चांगलं वळतं, मग वजन कशाला वाढवायचं? पण जमिनीवर चित्र बदलतं. नाकाचं चाक मोकळं फिरतं, दिशा धरायची ती एकेका चाकाच्या ब्रेकने, आणि आराखड्याप्रमाणे पेडल आणखी दाबलं की तोच ब्रेक लागतो. म्हणजे मागे बसलेला शिक्षक विमान धावपट्टीपर्यंत आणू शकतो, धावपट्टीवर सरळ ठेवू शकत नाही. शिकवायचं असेल तर ही उणीव फार मोठी आहे, आणि ती भरून काढणाऱ्यांच्या बाजूने मी ठामपणे उभा आहे.

काम दिसतं सोपं. मागच्याचे पाय पुढच्या आसनाच्या दोन्ही बाजूंनी पुढे येतात. केबल फक्त ओढायची असते, रडर परत आणायला स्प्रिंग असते, त्यामुळे दुसरं पेडल त्याच केबलला जोडता येतं. पण ब्रेकचे सिलिंडर आधीच कुणी पुढच्या पेडलांपाशी हलवले असतील, तर मागच्याला रडर मिळतं, ब्रेक मिळत नाही. प्रवाशाचा बूट पेडलावर टेकून राहिला तर एक रडर अर्धवट उघडं राहतं. म्हणून शिकवणं नसताना मागची पेडलं घडी घालून बाजूला करता आली पाहिजेत.

नकळत दाबलेल्या पेडलाची किंमत या विमानाच्या इतिहासात नोंदलेली आहे. १२ ऑक्टोबर १९९७ रोजी गायक जॉन डेन्व्हर यांचं लाँग-ईझी माँटेरेच्या उपसागरात कोसळलं. बांधणाऱ्याने इंधनाच्या टाक्या बदलण्याची मूठ आराखड्यातल्या जागेऐवजी वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसवली होती. तिच्याकडे वळताना उजवं रडर दाबलं गेलं असावं, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला. एका मुठीची जागा बदलली आणि तिचा परिणाम पायापर्यंत पोचला. मी हँगरमधल्या पोरांना हे नेहमी सांगत असे.

त्या विमानात पेडलं बसल्यावर आम्ही एक जण पुढे, एक जण मागे बसवला आणि तिसरा पंखाच्या टोकाशी उभा केला. प्रत्येक रडर पूर्ण उघडतं का, सोडल्यावर पूर्ण मिटतं का, पुढचं पेडल दाबताना मागच्या जोडाशी केबल घासते का, हे पुन:पुन्हा पाहिलं. बदल लॉगबुकात नोंदला. आधी प्रवासी न घेता चाचणीची उड्डाणं झाली. मगच शिक्षक मागे बसले, आणि पहिला धडा त्यांनी हळू टॅक्सी करत जमिनीवरच घेतला.