दीड हाताचा फरक

मुंबईला निघालेल्या पोराला आमच्याकडची जुनी माणसं बजावायची, "मनमाडला गाडी बदलायची बरं का, झोपू नको." आपल्या स्टेशनचा जवळजवळ नव्वद वर्षांचा इतिहास या बोलण्यात आला.

औरंगाबादचं स्टेशन १९०० साली सुरू झालं, सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या राज्यात. मनमाड ते सिकंदराबाद अशी ही हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे. रूळ मीटरगेज. मनमाडला इंग्रजी मुलखातली जीआयपी रेल्वे, तिचे रूळ साडेपाच फुटी. दोन्हींत फरक दीड हाताचा, पण निजामाची गाडी मनमाडच्या पुढं जाईना. मराठवाड्याचा कापूस तिथं हमालांच्या पाठीवरून दुसऱ्या वाघिणीत चढायचा. माणसंही गठुडी घेऊन पुढच्या गाडीची वाट बघत बसायची.

१९४८ ला निजामी गेली. १९६० ला मुंबई आपल्या राज्याची राजधानी झाली. राजधानीच्या वाटेवरचा दीड हात मात्र तसाच राहिला. १९९० नंतर ब्रॉडगेज आली, तेव्हा कुठं लासूर-रोटेगावला चढलेला माणूस थेट मुंबईत उतरू लागला.

ऑक्टोबर २०२५ मध्ये स्टेशनचं नाव छत्रपती संभाजीनगर झालं. अमृत भारत योजनेत त्याचं रूपही पालटतंय. पालटू द्या. फक्त नव्या इमारतीसमोर मीटरगेज आणि ब्रॉडगेज रुळांचे दोन तुकडे शेजारी-शेजारी मांडून ठेवावेत. मराठवाडा मागं का राहिला, असं विचारणाऱ्या पोरांना ते हातानं मोजता येतील.