तळटीप-शैली
तळटीप-शैली : शब्दप्रक्रिया सॉफ्टवेअरमध्ये पानाच्या तळाशी येणाऱ्या टिपांचा फाँट, आकार व ओळींतील अंतर एकदाच ठरवून सर्वत्र लागू करण्याची सोय. एकेक टीप निवडून आकार बदलणे ही निव्वळ हमाली. वर्डमध्ये टिपेचा मजकूर आणि उंचावलेला संदर्भांक यांच्या शैली वेगळ्या असतात. मराठी प्रबंधांत खरी अडचण फाँटची. देवनागरीचा फाँट व आकार ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’च्या रकान्यात ठरवावा लागतो, रोमनसाठी केलेला बदल मराठी अक्षरांना शिवतही नाही. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपी या सॉफ्टवेअरमधील युनिकोडपूर्व फाँटांत तर देवनागरी केवळ फाँटमुळे दिसते. शैलीने तो बदलला, की टिपेत रोमन अक्षरे व चिन्हांचा गोंधळ उरतो. म्हणून मजकूर आधी युनिकोडमध्ये आणावा, तळटिपांसकट.