ज्यू विद्या उच्चशाळा, बर्लिन

ज्यू धर्मग्रंथ, धर्मशास्त्र, नीतिविचार व इतिहास यांच्या चिकित्सक अध्ययनासाठी १८७२ मध्ये स्थापन झालेली उच्च शिक्षणसंस्था. बर्लिन विद्यापीठात ज्यू विद्येचे अध्यासन असावे, ही लेओपोल्ट त्सुन्त्सची १८४८ मधील मागणी प्रशियाच्या शासनाने फेटाळली होती. त्यामुळे हे अध्ययन विद्यापीठाबाहेरच उभे राहिले. संस्था कोणत्याही एका धर्मपंथाला बांधील नव्हती. धर्मशास्त्र कालानुरूप घडत आले, असे मानणारा आब्राहाम गायगर हा तिच्या पहिल्या अध्यापकांपैकी होता. पुढे हेर्मान कोएन या कांटवादी तत्त्वज्ञाने येथे अध्यापन केले. शासनाने १८८३ मध्ये ‘होखशूल’ (उच्चशाळा) हे अभिधान काढून घेतले. वायमार काळात ते परत मिळाले, पण नाझी राजवटीत पुन्हा गेले.

संस्थेच्या मोकळेपणालाही मर्यादा होत्या. रेगिना योनास या विद्यार्थिनीने १९३० मध्ये, स्त्रीला रब्बी (धर्मगुरू) होता येते, हे तालमूद व अन्य धर्मशास्त्रीय ग्रंथांच्याच आधारे प्रबंधात प्रतिपादिले. दीक्षा मात्र तिला संस्थेकडून मिळाली नाही. ती १९३५ मध्ये माक्स डीनेमान या रब्बीने दिली. १९४४ मध्ये आउश्विट्स येथे तिची हत्या झाली.

विद्यापीठांतून निष्कासित झालेल्या ज्यू अध्यापकांना व विद्यार्थ्यांना १९३३ नंतर येथे आश्रय मिळाला. जुलै १९४२ मध्ये संस्था बंद करण्यात आली, तेव्हा लेओ बेक मोजक्या विद्यार्थ्यांना शिकवीत होता. १९४३ मध्ये त्याची रवानगी टेरेझीनच्या छळछावणीत झाली. तेथेही त्याने बंदिवानांपुढे व्याख्याने दिली. तो त्यातून वाचला. लंडन येथे १९५६ मध्ये निघालेल्या रब्बी-प्रशिक्षण महाविद्यालयास त्याचे नाव देण्यात आले.