गुणांचे कोष्टक आणि मागील काळाचा न्याय

पूर्वीचे खेळाडू थोर की आजचे, हा वाद ज्या गावात कधी झाला नाही असे गाव महाराष्ट्रात सापडणे कठीण. आणि आम्हां बीदर-कलबुर्गीकडच्या मराठी माणसांतही ते सापडणार नाही. देवळाच्या ओट्यावर आरतीनंतर बसलेल्या मंडळींत हा विषय निघाला म्हणजे वडीलधारे विजय हजारे यांचे नाव घेतात, तरुण आजच्या एखाद्या वीराचे घेतात आणि निकाल न लागताच बैठक उठते. अलीकडे मात्र या वादाला निकाल देणारे एक नवे साधन पुढे आले आहे. ते म्हणजे गुणांचे कोष्टक.

‘फँटसी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खेळात प्रेक्षक प्रत्यक्ष मैदानावर उतरणाऱ्या खेळाडूंमधून आपला एक मनोमय संघ निवडतो. खेळाडूने धाव काढली की अमुक गुण, गडी बाद केला की तमुक गुण, अशी बेरीज होऊन ज्याच्या संघाचे गुण अधिक तो जिंकतो. या प्रकाराचा उगम अमेरिकेत झाला. तेथील फुटबॉलसाठी १९६२ साली ओकलंड संघाशी संबंधित मंडळींनी अशी पहिली रचना बांधली. आपल्याकडे तो क्रिकेटच्या आधाराने वाढला. १९५७ साली शब्दकोड्यांच्या बक्षीस स्पर्धांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाने कौशल्य आणि दैव यांतील भेद विशद केला होता. त्याच परंपरेला धरून २०१७ साली पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने हा खेळ कौशल्याचा ठरविला. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळावयाच्या सर्वच ऑनलाइन खेळांना, ते कौशल्याचे असोत वा दैवाचे, कायद्याने मनाई केली. पैशाचा भाग असा बाजूला झाला. पण कोष्टक लोकांच्या मनात राहिले, आणि ते हाती घेऊन जुन्या खेळाडूंना गुण देण्याचा छंद अनेकांना जडला आहे.

छंद म्हणून त्यात वावगे काही नाही. तथापि वकिलीचा व्यवसाय करणाऱ्यास त्यात एक जुनी शंका दिसते. आज केलेला नियम कालच्या कृत्याला लावावा काय? आपल्या राज्यघटनेच्या विसाव्या अनुच्छेदाने फौजदारी बाबतीत याचे उत्तर स्पष्ट दिले आहे: कृत्य घडले त्या वेळी जो कायदा अमलात होता त्याचाच भंग झाला असेल तर शिक्षा. यातील तत्त्व आमच्या गावास अनुभवाने ठाऊक आहे. हळ्ळीखेड (बी) हे गाव आपल्या जागेवरून तसूभरही हलले नाही. पण १९५६ पर्यंत ते हैदराबादच्या अमलाखाली होते, मग म्हैसूर राज्यात गेले आणि १९७३ पासून ते कर्नाटकात आहे. नावामागे कंसात जे ‘बी’ हे अक्षर येते तेही जुन्या महसुली दप्तराचेच देणे. ‘बुजुर्ग’ म्हणजे थोरले, महाराष्ट्रात ज्याला बुद्रुक म्हणतात ते. संस्थानी काळातला एखादा जमिनीचा दस्त आज पुढे आला तर तो त्या काळच्या कायद्याच्या प्रकाशात वाचावा लागतो. खेळाडूची कारकीर्द हाही एका अर्थी दस्तच आहे. तो कसा वाचावा, एवढाच येथे प्रश्न आहे.

विवेचनापुरते एक साधे कोष्टक धरू. धावेला १ गुण, षटकाराला अधिक २, शतकाला ८, गडी बाद केल्यास १६. प्रचलित कोष्टके याहून गुंतागुंतीची असतात, पण त्यांची जात हीच.

प्रथम कर्नल सी. के. नायडूंचा डाव घेऊ. नागपूरच्या या खेळाडूने १९२६ च्या डिसेंबरात मुंबईच्या जिमखान्यावर हिंदू संघाकडून गिलिगनच्या एम. सी. सी. संघाविरुद्ध १५३ धावा केल्या; त्यांत ११ षटकार होते. कोष्टकाप्रमाणे १५३, २२ आणि ८ मिळून १८३ गुण झाले. आता हाच डाव वीस वर्षे मागे न्या. १९१० पूर्वी इंग्लंडमधील प्रघात असा होता की, चेंडू मैदानाच्या पूर्णपणे बाहेर गेला तरच सहा धावा. नुसता सीमारेषेवरून गेला तर चारच. नायडूंचे ते अकराही फटके केवळ सीमापार झाले असते असे धरले, तर त्यांच्या २२ धावा आणि षटकारांचे २२ गुण, असे एकूण ४४ गुण कमी झाले असते. मनगट तेच, फटका तोच, चेंडू पडला ती जागाही तीच. बदलला तो फक्त नियम.

गोलंदाजाचीही हीच गोष्ट. इंग्लंडमध्ये १८८८ पर्यंत षटकात चार चेंडू असत, १८८९ पासून पाच झाले आणि १९०० पासून सहा. पायचीतचा नियम १९३५ साली बदलला आणि उजव्या यष्टीबाहेर टप्पा पडून आत येणाऱ्या चेंडूवरही फलंदाज पायचीत होऊ लागला. दर षटकामागे किती धावा दिल्या यावर गुण देणारे कोष्टक हे बदल विचारातच घेत नाही. शिवाय जुन्या धावपुस्तकांत फलंदाज किती मिनिटे खेळला हे बहुधा सापडते, पण किती चेंडू खेळला हे क्वचित सापडते. धावपुस्तक हा प्रामाणिक साक्षीदार खरा, परंतु त्याच्या काळी त्याला जे विचारले गेले तेवढेच तो सांगतो. आज उलटतपासणीत नवे प्रश्न विचारून त्याच्याकडून उत्तर काढू पाहणे व्यर्थ आहे.

अमेरिकेतील अभ्यासकांनाही हीच अडचण येते. ग्रीन बे संघाच्या डॉन हटसनने १९४२ च्या हंगामात चेंडू झेलून १,२११ यार्डांची मजल मारली आणि १७ वेळा चेंडू अंतिम रेषेपार नेला. दहा यार्डांस १ आणि रेषेपार नेल्यास ६, या आजच्या हिशेबाने त्याचे सुमारे २२३ गुण होतात. पण तो हंगाम ११ सामन्यांचा होता, आजचा १७ सामन्यांचा आहे. त्याच वर्षी महायुद्धामुळे कित्येक खेळाडू सैन्यात गेले होते. म्हणजे एका बाजूने हटसनवर अन्याय होतो, तर दुसऱ्या बाजूने त्याला झुकते माप मिळते. आणि दोन्ही गोष्टी त्या एकाच आकड्यात दडलेल्या असतात.

नियमांतील फरक मात्र हिशेबाने थोडाफार दुरुस्त करता येतो. खरी अडचण पुढची आहे. १९४३-४४ च्या पंचरंगी स्पर्धेचा अंतिम सामना पाहा. हिंदू संघाने ५ बाद ५८१ धावांवर डाव सोडला. त्यांत विजय मर्चंट नाबाद २५० होते. ‘रेस्ट’ संघाचा पहिला डाव १३३ धावांत आटोपला. दुसऱ्या डावात सांगलीचे विजय हजारे उभे राहिले आणि संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ त्यांनी एकट्याने काढल्या. तरीही संघ एक डाव व ६१ धावांनी हरला. कोष्टक हजाऱ्यांना निदान ३१७ गुण देईल, आणि ते योग्यच आहे. पण त्या डावात सहाव्या गड्यासाठी ३०० धावांची भागी झाली, तीत दुसऱ्या टोकास त्यांचे बंधू विवेक होते. विवेकांच्या धावा २१. कोष्टक त्यांना २१ गुण देऊन मोकळे होते. ते टोक सांभाळले गेले नसते तर हे त्रिशतक झालेच नसते, ही गोष्ट सांगावयास त्यात रकाना नाही.

गोमंतकीय वाचकांना मडगावचे दिलीप सरदेसाई आठवतील. १९७१ साली किंग्स्टन येथे भारताची अवस्था ५ बाद ७५ अशी झाली असता त्यांनी २१२ धावा केल्या. एकनाथ सोलकरांनी ६१ धावा करून त्यांना साथ दिली. भारत ३८७ पर्यंत पोहोचला आणि वेस्ट इंडीजवर फॉलोऑनची पाळी आली. सपाट खेळपट्टीवर, संघ सुस्थितीत असताना काढलेल्या २१२ धावांनाही कोष्टक तितकेच गुण देते. उलट भाऊसाहेब निंबाळकरांनी १९४८ च्या डिसेंबरात पुण्यास काठेवाडविरुद्ध महाराष्ट्रासाठी नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमनचा ४५२ चा तेव्हाचा उच्चांक नऊ धावांवर राहिला असता प्रतिपक्षाने पुढे खेळण्यास नकार दिला आणि सामना संपला. षटकारांचे गुण सोडून दिले तरी त्यांचे ४५१ गुण होतात. या माणसाला एकही कसोटी सामना मिळाला नाही. पण मिळाले नाही त्याची नोंद कोष्टक ठेवीत नाही.

या शेवटच्या वाक्याचा पुरता अर्थ कळण्यासाठी पाळवणकर बाळू यांच्याकडे वळले पाहिजे. चर्मकार समाजात जन्मलेल्या या डावखुऱ्या गोलंदाजाचे जन्मगाव आमच्या कर्नाटकातील धारवाड. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली जो भारतीय संघ इंग्लंडला गेला, तो २३ सामन्यांपैकी १५ हरला. परंतु बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ गडी बाद केले. केवळ गड्यांचे गुण धरले तरी १,८२४ होतात. प्रथम दर्जाच्या ३३ सामन्यांत त्यांनी १७९ गडी सरासरी १५.२१ धावांत मिळविले. त्यांचे २,८६४ गुण, म्हणजे दर सामन्यास सुमारे ८७.

फलंदाजीच्या रकान्यात मात्र त्यांची सरासरी १४ च्याही खाली आहे. कोष्टक यावरून ठरवील की हा फलंदाज सामान्य. आता त्या आकड्यामागची हकीकत पाहू. पुण्याच्या इंग्रज क्लबात बाळू मैदानाची निगा राखण्याच्या चाकरीवर होते आणि सरावाच्या जाळ्यात साहेबांना तासन्‌तास गोलंदाजी करीत. ग्रेग नावाचा नामांकित फलंदाज त्यांच्याकडून बाद झाला की दर वेळी आठ आणे देई, अशी आख्यायिका आहे. ती खरी असेल तर गड्यामागे आठ आणे हे त्या काळचे कोष्टकच म्हणावयाचे. पण बॅट हाती धरण्याची संधी त्यांना त्या जाळ्यात कधी दिली गेली नाही. ते काम साहेबांचे. जी विद्या शिकू दिली नाही तिच्या परीक्षेत कमी गुण पडले, तर ते कोणाच्या नावावर मांडावेत?

आणि आपल्या माणसांनी काय केले, हे सांगितल्यावाचून ही हकीकत पुरी होत नाही. पुण्याच्या हिंदू संघाने बाळूंना मैदानावर घेतले, कारण त्यांच्यावाचून साहेबांना हरविता येत नव्हते. मैदानावर सर्वजण एकच चेंडू हाताळीत. चहाच्या वेळी मात्र बाळूंना तंबूबाहेर मातीच्या भांड्यात वेगळा चहा मिळे. १९०६ साली हिंदू संघाने मुंबईत युरोपियनांचा १०९ धावांनी पराभव केला, त्या संघात बाळू आणि त्यांचे बंधू शिवराम दोघेही होते. विजयाचा आनंद सर्वांनी वाटून घेतला. नेतृत्वाची गोष्ट निघाली की मात्र बाळूंचे नाव मागे पडे. हिंदू धर्माचे नाव लावणारा संघ आपल्या सर्वोत्तम गोलंदाजाला कर्णधारपद देऊ शकला नाही, याचे कारण धावपुस्तकात सापडणार नाही. ज्या काळात बाळू गोलंदाजी करीत होते, त्याच काळात पंढरपुरी चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर होती आणि चोखोबांच्या ज्ञातीचे लोकही बाहेरच होते. ते द्वार १९४७ साली साने गुरुजींच्या उपोषणानंतर उघडले. देवस्थानच्या कीर्दीत कोणी किती दक्षिणा ठेविली हे पैशापर्यंत लिहिलेले असते. कोण किती वर्षे पायरीपाशी थांबला हे त्या कीर्दीत मिळत नाही.

फँटसी खेळाचा एक नियम येथे आठवतो. निवडलेल्या संघात ज्याला कर्णधार नेमावे त्याचे गुण दुप्पट होतात आणि उपकर्णधाराचे दीडपट. आज कोणीही बसल्या जागी बाळूंना आपल्या मनोमय संघाचा कर्णधार करू शकतो. त्यांच्या १,८२४ गुणांचे ३,६४८ होतील. हा सन्मान देणाऱ्याला काही पडत नाही. ज्यांना तो देताना काही सोडावे लागले असते, त्यांनी तो दिला नाही. १९२० साली बाळूंना संघातून वगळले आणि त्यांच्या बंधूंचा नेतृत्वावरील हक्क डावलला, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून माघार घेतली. त्यानंतर बाळूंना उपकर्णधारपद मिळाले. दीडपट गुणांची जागा. तीही भावांनी मैदान सोडले तेव्हा.

तात्पर्य, जुन्या खेळाडूंना गुण देऊ नयेत असे नव्हे. द्यावेत, पण दस्त वाचताना वकील जे करतो ते करून द्यावेत. प्रथम त्या वेळी नियम कोणता होता ते पाहावे. मग त्याच नियमाखाली त्याचे समकालीन किती पुढे गेले ते पाहावे, म्हणजे १९११ च्या गोलंदाजाची तुलना १९११ च्याच गोलंदाजांशी होईल. आणि शेवटी, बेरजेची रेघ मारण्यापूर्वी, कोरा राहिलेला प्रत्येक रकाना का कोरा राहिला हे विचारावे. खेळाडूला जमले नाही म्हणून, की त्याला येऊ दिले नाही म्हणून? पहिल्या दोन गोष्टी कोणताही हिशेबनीस करील. तिसरी आपणच करावयास हवी, कारण पुष्कळदा तो रकाना कोरा ठेवणारे आपलेच पूर्वज असतात.

१९२३ साली पाळवणकर विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली हिंदूंनी चौरंगी स्पर्धा जिंकली. थोरल्या भावाने मागितलेली जागा धाकट्याला मिळाली. बाळू १९५५ साली वारले; म्हणजे आपल्या घरात ती जागा आलेली त्यांनी डोळ्यांनी पाहिली.