रंग बदललेल्या माशाकडे पाहताना

इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोममधल्या श्रीमंतांच्या मेजवान्यांत एक विलक्षण प्रकार चाले. ‘रेड मुलेट’ हा समुद्री मासा काचेच्या भांड्यात जिवंत आणला जाई, आणि तो मरत असताना त्याच्या अंगावर सरकणाऱ्या छटा पाहुणे मंडळी जेवता जेवता निरखत. तत्त्वज्ञ सेनेका यांनी या शौकाची कडक शब्दांत निर्भर्त्सना केली आहे. प्लिनी यांनीही त्याची नोंद ठेवली आहे. पाहुण्यांच्या निर्दयपणाबद्दल सेनेकांशी कोणीही सहमत होईल. पण काचेपलीकडच्या माशाचा रंग आणि त्याच्यावर गुदरलेला प्रसंग यांचे नाते माणसाच्या नजरेस इतक्या आधी पडले होते, हेही त्यातून कळते. त्यामागचे कारण उलगडायला मात्र विसावे शतक उजाडावे लागले.

मुंबईत 1951 साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले आणि मराठी घरांतल्या कित्येक पिढ्यांनी जिवंत समुद्री मासा पहिल्यांदा तिथे पाहिला. आता खाऱ्या पाण्याच्या टाक्या घरांत, दवाखान्यांत, हॉटेलांत दिसतात. त्यांच्याबरोबर एक काळजीचा प्रश्नही घरात येतो: कालपर्यंत झळाळणारा मासा आज काळवंडला किंवा फिका पडला, तर काय समजायचे? बहुतेक जण घाईने औषधाची बाटली उघडतात. वाचकांनी त्याआधी थोडे थांबावे, एवढीच या पुस्तकाची पहिली विनंती आहे. रंगबदलाचा अर्थ रंगात कमी आणि तो बदल व्हायला लागलेल्या वेळेत जास्त दडलेला असतो. ही एक गोष्ट मनात ठेवली, तर पुढचा बराचसा विषय आपोआप जागच्या जागी बसतो.

माशाच्या त्वचेत रंगपेशींचे थर असतात. काळ्या रंगपेशीत मेलानिनचे सूक्ष्म कण असतात. ते पेशीभर पसरले की त्वचा गडद दिसते, मध्यभागी गोळा झाले की फिकी. रांगोळी चिमटीत असेपर्यंत पाट रिकामा दिसतो आणि पसरली की भरतो, रांगोळी मात्र तेवढीच असते, इथेही तसेच. पिवळ्या आणि तांबड्या रंगपेशींतले बरेचसे रंगद्रव्य कॅरोटिनॉइड असते. मासा ते स्वतः तयार करू शकत नाही, ते आहारातूनच यावे लागते. निळ्याची गोष्ट आणखी गमतीची. समुद्री माशांचा निळा रंग बहुधा रंगद्रव्याचा नसतोच. ग्वानिनच्या पातळ स्फटिकांच्या थरांवरून परावर्तित झालेल्या प्रकाशाचा तो खेळ असतो. अपवाद मँडरिनफिशचा. त्याच्या त्वचेत खरोखरीचे निळे रंगद्रव्य असलेल्या पेशी सापडल्याचे गोदा आणि फुजी या जपानी संशोधकांनी 1995 साली जाहीर केले.

या पेशींवर हुकूम कोणाचा चालतो, हे शोधण्यात 1911 हे वर्ष महत्त्वाचे ठरले. पुढे मधमाश्यांच्या नृत्यामुळे जगप्रसिद्ध झालेले कार्ल फॉन फ्रिश तेव्हा मिनो या गोड्या पाण्यातल्या लहान माशावर काम करत होते. रंगपेशींना आज्ञा देणारा मज्जातंतूंचा मार्ग त्यांनी मेंदूपासून त्वचेपर्यंत शोधून काढला. त्याच वर्षी फ्रान्सिस समनर यांचे चपट्या माशांवरचे प्रयोग प्रसिद्ध झाले. आपल्याकडच्या लेपाचे हे दूरचे भाईबंद तळाची नक्षी पाहून अंगावरची नक्षी बदलतात. मज्जातंतूंच्या जोडीला संप्रेरके काम करतात, आणि ताणाचा धागा इथेच हाती लागतो. अचानक भीती वाटली की मज्जातंतूंमधून येणारे नॉरअॅड्रेनालिन मेलानिनचे कण गोळा करते आणि मासा क्षणात फिका पडतो. ताण लांबला की चित्र उलटू शकते. कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक वाढवणारे संप्रेरक आणि त्वचा गडद करणारे संप्रेरक ही दोन्ही एकाच मोठ्या प्रथिनाचे तुकडे आहेत. म्हणून दीर्घकाळ त्रासलेला मासा कित्येकदा काळपट दिसतो. पण ‘फिका म्हणजे भ्यालेला, काळा म्हणजे आजारी’ असे सूत्र कोणी पाठ करू नये. निळा डॅमसेल घाबरला की त्याच्या स्फटिकांच्या थरांमधले अंतर बदलते, परावर्तित प्रकाशही बदलतो, आणि आपल्या डोळ्यांना तो काही क्षणांत गडद दिसू लागतो. प्रत्येक जातीची रीत निराळी.

आता वेळेकडे वळू. काही क्षणांत होऊन तितक्याच लवकर विरणारे बदल बहुधा प्रसंगाचे असतात: भीती, भांडण, प्रणय, किंवा साफसफाई करणाऱ्या क्लीनर रॅसपुढे अंग मोकळे सोडून थांबणे. गोटफिश तर अशा वेळी लालसर होतो आणि त्यात दुःखाचे काहीच नसते. दुसरे बदल रोज रात्री येतात. यलो टँगच्या कुशीवर रात्री पांढरट पट्टा उमटतो, ब्लू टँग फिकटतो, फॉक्सफेसवर तपकिरी डाग पडतात. तुम्ही मध्यरात्री दिवा लावून हे पाहिले तर धसका बसेल; त्या माशांची मात्र ती झोपेची वेळ असते. दिवस-आठवडे घेणारे बदल आहाराचे, प्रकाशाचे, तळाच्या रंगाचे किंवा सततच्या ताणाचे असू शकतात, आणि खरी चौकशी तिथे करायची.

महिनोन्महिने चालणारे बदल वयाचे. एम्परर एंजलफिशचे पिल्लू गडद निळ्यावर पांढरी वर्तुळे मिरवते, प्रौढ मासा निळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा. दोघांत इतका फरक, की 1787 मध्ये प्रौढाचे नामकरण झाल्यावर 1801 मध्ये पिल्लाला निकोबारच्या नावाने वेगळी जात ठरवण्यात आले! याच माशाच्या वाढत्या पट्ट्यांत कोंदो आणि असाई या संशोधकांना 1995 साली गणितज्ञ अॅलन ट्युरिंग यांनी नक्षीच्या निर्मितीबद्दल 1952 मध्ये मांडलेल्या गणिताचा जिवंत दाखला दिसला. क्लाउनफिशच्या पांढऱ्या पट्ट्यांवर थायरॉइडचा अंमल असतो. तमिळनाडूतील मंडपमसारख्या केंद्रांनी क्लाउनफिशचे संवर्धन आपल्याकडे रुजवले आहे. टाकीत वाढवलेल्या पिल्लांत अर्धवट पट्टे पुष्कळदा दिसतात. तो बालपणीच्या वाढीचा ठसा असतो, आजच्या त्रासाची खूण नव्हे.

क्रॉफर्ड मार्केटमधून घरी आणलेला मासा पिशवीत फिकट का असतो, हे मात्र सविस्तर सांगायला हवे. प्रवासात तो अंधारात, हिंदकळत, मोजक्या पाण्यात असतो. त्याच्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे पिशवीतल्या पाण्याचा पीएच उतरतो आणि साठलेला अमोनिया बराचसा निरुपद्रवी रूपात राहतो. पिशवी उघडली की वायू उडून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी रूप घेऊ लागतो. लांबून आलेल्या माशाची पिशवी उघडून तासभर थेंब थेंब पाणी मिसळत बसणे म्हणूनच घातक ठरू शकते, आणि मी तरी अशी सबुरी वाखाणणार नाही. बंद पिशवी तरंगवून तापमान जुळवा, क्षारता आधीच सारखी ठेवा, पिशवी उघडल्यावर वेळ दवडू नका, आणि त्या संध्याकाळी टाकीवरचे दिवे बंद राहू द्या. रंग परतायला एखाद-दोन दिवस लागले तर घाबरण्याचे कारण नाही.

रंगाला एकट्याने साक्ष देऊ देऊ नये, असे मला वाटते. कल्ल्यांची गती, भूक, परांची ठेवण, दगडावर अंग घासणे, टाकीतल्या दांडग्या माशाशी असलेले नाते, हे सगळे सोबत पाहावे. प्रखर निळ्या एलईडीखाली काढलेली छायाचित्रे तुलनेसाठी जवळपास निरुपयोगी. पांढऱ्या प्रकाशात, ठरलेल्या वेळी काढलेली साधी चित्रे उपयोगी पडतात. मासा निरोगी असतानाच त्याचे दिवसाचे आणि रात्रीचे रूप टिपून ठेवा. तुलनेला हाताशी काही असले, तरच बदल ओळखता येतो.

ज्यांच्या टाकीत आज एखादा मासा कोपऱ्यात काळवंडून बसला आहे, त्या वाचकांनी क्रम पाळण्याची गरज नाही. त्यांनी सरळ पाण्याचे प्रकरण उघडावे, अमोनिया, नायट्राइट, क्षारता आणि तापमान मोजावे, मिनिटभरात कल्ले किती वेळा उघडतात ते लिहून ठेवावे, आणि मगच औषधांच्या प्रकरणाकडे जावे. ज्यांना उसंत आहे, त्यांनी रंगपेशींच्या प्रकरणापासून सुरुवात करावी. ते थोडे सावकाश वाचावे लागेल. पुढच्या सगळ्या प्रकरणांना आधार त्याचाच आहे.