याद, कीर्द आणि खतावणी

दिवाळीच्या आठवड्यात घरोघर एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘अगबाई, ते राहूनच गेले!’ चकलीची भाजणी वेळेवर दळून येते, पण उटणे आणायचे राहते. शेजारीपाजारी फराळ पोचतो, पण धाकट्या नणंदेचा डबा कोपऱ्यात तसाच बसून असतो. कामे करून माणूस जितका दमत नाही, तितका ती डोक्यात वागवून दमतो.

या दुखण्यावर आपल्याकडे जुना उपाय आहे आणि तो भाषेतच दडलेला आहे. फारसीत ‘याद’ म्हणजे आठवण. हा शब्द मराठी दफ्तरात शिरला आणि त्याला अर्थ आला तो लिहून ठेवलेल्या टिपणाचा. डोक्यातली वस्तू कागदावर उतरली. रोजच्या वापरातली ‘यादी’ त्याच घराण्यातली. मात्र नुसते टिपून भागत नाही; टिपलेले पुन्हा जागच्या जागी लावावे लागते. हे ज्यांनी ओळखले त्यांचा कारभार चालला आणि ज्यांनी सोडून दिले त्यांचा विसकटला. आज सांगायची गोष्ट तीच आहे.

आमचे मेहरूण बोरांसाठी आणि तलावासाठी नावाजलेले. जळगाव शहर वाढत वाढत त्याला येऊन भिडले आणि आता ते शहराचाच भाग झाले आहे. जळगाव म्हणजे कापूस, केळी आणि सोने यांची पेठ. त्यामुळे लक्ष्मीपूजनाच्या रात्री वह्यांची पूजा हा इथला मानाचा सोहळा. १९८९ सालापासून प्राप्तिकरासाठी सर्वांचेच वर्ष एप्रिल ते मार्च असे झाले, आणि हिशेबही आता संगणकात गेले. तरी पाटावर वही मांडून तिला हळदकुंकू वाहण्याची चाल सुटलेली नाही.

त्या वह्यांची रीत समजून घेण्यासारखी आहे. दिवसभर गिऱ्हाइकाची गर्दी असे. कोणी उसनवार नेली, कोणी जुनी बाकी भरली, कोणाला उद्या माल पाठवायचा. त्या घाईत दुकानदार विचार करीत बसत नसे. हाताशी असलेल्या कच्च्या वहीत एका ओळीत टिपून मोकळा होई. दिवेलागणीनंतर तीच टिपणे जमा आणि नावे अशी फोडून कीर्दीत उतरत, शिल्लक जुळे. मग खतावणी : कीर्दीतली प्रत्येक रक्कम ज्याच्या-त्याच्या खात्यावर मांडायची आणि कीर्दीत त्या नोंदीशेजारी खात्याचे पान लिहायचे. पानाचा आकडा दिसला नाही की समजावे, ही नोंद अजून वाऱ्यावर आहे. टिपणे क्षणाचे, लावणे सवडीचे. दोन्ही कामे एकाच वेळी करू पाहणारा गिऱ्हाईकही घालवतो आणि हिशेबही.

लिपीच्या बाबतीतही आपल्या लोकांनी अशीच वाटणी केली होती. रोजच्या धावपळीला मोडी. आधी आडवी रेघ ओढून घ्यायची आणि मग तिला लगडून बोरू फारसा न उचलता अक्षरे काढीत जायचे. ऱ्हस्वदीर्घाचा घोळ ठेवलेलाच नाही. ग्रंथ टिकवायचा तर मात्र बाळबोध. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास सगळा लेखनक्रियेवर आहे. धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी आयुष्यभर खपून समर्थ संप्रदायाची बाडे गोळा केली. ती तिथल्या समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. घाईचे अक्षर वेगळे, टिकाऊ अक्षर वेगळे, आणि दोहोंनाही मान.

दुकानाची हीच रीत मोठ्या प्रमाणावर पाहायची तर पुण्यास पेशव्यांच्या हुजूर दफ्तरात जावे लागेल. त्याचे दोन मोठे भाग होते, चालते दफ्तर आणि एकबेरीज दफ्तर. चालत्या दफ्तरातल्या फडावर सनदा निघत, हुकूम सुटत आणि दिवसाच्या घडामोडी रोजकीर्दीत चढत. एकबेरीज दफ्तराकडे निरनिराळ्या खात्यांचे हिशेब येत. तिथले कारकून त्यांचे गोषवारे करीत आणि रोजकीर्दीतल्या नोंदी विषयवार लावून खतावणी तयार करीत, म्हणजे मागाहून कोणी विचारले तर कागद चटकन हाती लागावा. मग ते कागद रुमालात बांधले जात. मुलांच्या पाठीवरचे दप्तर हे त्याच दफ्तराचे नातवंड!

नाना फडणिसांच्या काळात ही शिस्त कळसाला पोचली. १८०० साली नाना गेले आणि दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीत दफ्तराकडे दुर्लक्ष झाले. पेशवाई बुडाल्यावर दफ्तर पाहणाऱ्या मॅक्लिऑड या इंग्रज अधिकाऱ्याने शेवटल्या काही वर्षांचे कागद जवळजवळ नसल्याचे नमूद केले आहे. अर्थात राज्य बुडाले ते एवढ्याने नव्हे. पण कोणाला काय देणे आहे आणि कोणता हुकूम पुरा व्हायचा आहे, हे ज्या सरकारला सांगता येत नाही, ते आतून पोखरलेलेच असते.

विखुरलेले कागद शोधत हिंडण्याचे कष्ट पुढच्या पिढ्यांच्या वाट्याला आले. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली काढला आणि त्यानंतर गावोगावची जुनी घरे पालथी घालून खंडामागून खंड सिद्ध केले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात त्यांनी देह ठेवला. त्यांचा संग्रह सांभाळायला तिथेच राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. त्यांनी जमवलेल्या सामग्रीतून मराठी धातुकोश मागाहून छापून निघाला. माणूस गेला तरी त्याचे काम दुसऱ्याला पुढे नेता आले, ते ती सामग्री नीट राखली गेली म्हणून.

आता गंमत पाहा. २००३ साली कार्स्टन डॉमिनिक या ॲम्स्टरडॅमच्या खगोलशास्त्रज्ञाने संगणकावर साध्या मजकुरात कामे लिहिण्यासाठी ‘ऑर्ग मोड’ नावाची सोय तयार केली. तिच्यात दोन आज्ञा आहेत. पहिलीचे नाव ‘कॅप्चर’ : हातातले काम न सोडता मनात आलेली गोष्ट झटकन एका ओळीत टिपायची. दुसरीचे ‘रीफाइल’ : सवडीने ती ओळ उचलून योग्य मथळ्याखाली ठेवायची. त्या गृहस्थांना आपली मोडी किंवा रोजकीर्द ठाऊक असण्याचे कारण नाही. पण मनुष्याचे डोके सगळीकडे सारखेच गळके असल्यामुळे उपायही सारखाच निघाला : आधी कच्ची वही, मग खतावणी!

आज प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे आणि टिपून ठेवणे कधी नव्हे इतके सोपे झाले आहे. म्हणूनच धोका वाढला आहे. टिपले की काम झाले असे वाटते, आणि शेकडो ओळी खात्याविना पडून राहतात. त्यातच कोणाच्या औषधाची आठवण असते, कोणाला दिलेला शब्द असतो. दिलेला शब्द हेही देणेच. ते लिहिले गेले पण खात्यावर चढले नाही, तर बुडते दुसऱ्याचे.

तेव्हा यंदाच्या पाडव्याला एक नवी वही काढावी, कागदाची असो वा काचेची. दिवसा तिच्यात मोडीच्या चालीने, आडपडदा न ठेवता, सुचेल ते एका ओळीत लिहावे. आणि रोज दिवेलागणीला दहा मिनिटे बसून प्रत्येक ओळीला तिचे घर दाखवावे : हे उद्याचे, हे बाजाराचे, हे आईला विचारायचे, हे खोडून टाकायचे. मग रात्री उशीला डोके टेकताना त्या डोक्यात झोपेखेरीज दुसरे काही उरत नाही.