जर्मन आजारविमा आणि रुग्णालयातील डॉक्टर

जर्मनीत सार्वजनिक आजारविमा असलेल्या रुग्णास रुग्णालयातील एखाद्या तज्ज्ञाकडे, तेथे दाखल न होता, केवळ तपासणीसाठी जावयाचे असेल, तर त्यास प्रथम एक चौकशी करावी लागते : या डॉक्टरास विम्याचे बाह्यरुग्ण पाहण्याची अनुज्ञा आहे काय? खाजगी विमा असलेल्यास ही चौकशी सहसा करावी लागत नाही. या भेदाचे कारण डॉक्टरांच्या द्रव्यलोभात शोधण्याचा प्रघात आहे. विभागप्रमुखांस खाजगी रुग्णांकडून स्वतंत्र फी घेण्याचा अधिकार दीर्घकाळ लाभला असल्यामुळे तो आरोप अगदीच निराधार नाही. परंतु त्याने प्रश्न उलगडत नाही. विम्याचा रुग्ण पाहण्यास आनंदाने तयार असलेला डॉक्टरही, तातडीचे प्रसंग वा विद्यापीठीय बाह्यरुग्ण विभाग असे अपवाद वगळता, अनुज्ञेवाचून त्यास पाहू शकत नाही. हा निर्बंध एका जुन्या झगड्याच्या तडजोडीतून आलेला आहे.

१५ जून १८८३ च्या कायद्याने कामगारांस औषधोपचार व १३ आठवड्यांपर्यंत आजारभत्ता मिळू लागला. डॉक्टर कोणता नेमावा व त्यास काय द्यावे हे आजारनिधी ठरवीत, आणि निधींच्या कारभारात कामगारांच्या प्रतिनिधींचे बहुमत असे. आपण कामगारांचे चाकर झालो, ही भावना सुशिक्षित डॉक्टरवर्गास असह्य झाली. १९०० साली हेर्मान हार्टमान यांनी लाइप्झिग येथे डॉक्टरांची लढाऊ संघटना उभारली. संप व बहिष्कार यांचे सत्र सुरू झाले. अखेर डिसेंबर १९१३ च्या बर्लिन करारात १,३५० विमाधारकांमागे किमान एक डॉक्टर, असे प्रमाण ठरले.

चलनफुगवट्याच्या काळात, १९२३-२४ मध्ये, संघर्ष पुन्हा पेटला. डॉक्टरांनी रोख पैसे मागण्यास सुरुवात केली, तेव्हा बर्लिनमधील निधींनी पगारी डॉक्टर नेमून स्वतःची उपचारकेंद्रे काढली. अनेक तज्ज्ञ एका छताखाली आणि रुग्णास फी नाही, असा हा प्रयोग होता. खाजगी दवाखान्यांस त्याचे जे भय वाटले, ते समजण्याजोगे आहे.

डिसेंबर १९३१ मध्ये ब्र्यूनिंग यांच्या शासनाच्या आणीबाणी अध्यादेशाने तह घडवून आणला. निधींनी एकत्रित रक्कम डॉक्टरांच्या प्रादेशिक मंडळास द्यावी, मंडळाने ती सभासदांत वाटावी, आणि मोबदल्यात उपचाराची हमी घ्यावी. बाह्यरुग्णांचे क्षेत्र अशा रीतीने दवाखानदारांच्या हाती गेले. रुग्णालयाकडे खाट उरली. निधींची केंद्रे मात्र या तहाने संपली नाहीत. एप्रिल १९३३ च्या आदेशाने ज्यू व डाव्या विचारांच्या डॉक्टरांस विम्याच्या कामातून हाकलण्यात आले, आणि असे डॉक्टर जेथे मोठ्या संख्येने होते ती बर्लिनची केंद्रे पुढे बंद पडली. पर्यायी व्यवस्था गुणावगुणांच्या वादात हरली नाही, ती बळाने मोडली गेली. पुढील काळातील चर्चेत याचा विसर पडलेला दिसतो.

१९५५ च्या कायद्याने पश्चिम जर्मनीने तीच चौकट पुनश्च स्वीकारली. त्यातील ५०० विमाधारकांमागे एक डॉक्टर ही मर्यादा घटनात्मक न्यायालयाने २३ मार्च १९६० रोजी व्यवसायस्वातंत्र्याच्या आधारे रद्द केली. त्याने तरुण डॉक्टरांस दवाखाना थाटण्याचा मार्ग मोकळा झाला, रुग्णालयाचे दार मात्र होते तसेच राहिले. आज अनुज्ञा देणाऱ्या समितीत निम्मे सभासद डॉक्टरांचे व निम्मे निधींचे असतात. परिसरातील दवाखान्यांत ती तपासणी वा ते विशेष ज्ञान पुरेसे उपलब्ध नसेल, तरच अनुज्ञा मिळते. म्हणजे ज्यांचे रुग्ण कमी होण्याचा संभव, त्यांच्याच प्रतिनिधींचे मत येथे निर्णायक ठरू शकते. शिवाय ही अनुज्ञा मुदतीची असून ती संस्थेस नव्हे, व्यक्तीस असते. डॉक्टर निवृत्त झाला की ती संपते, आणि वर्षानुवर्षे त्याच्याकडे जाणाऱ्या रुग्णास नवा शोध करावा लागतो.

पूर्व जर्मनीत बहुशाखीय चिकित्सालयांची प्रथा होती व त्यांपैकी काही रुग्णालयांस जोडलेली होती. १९९० च्या एकीकरणानंतर त्यांतील बहुतेक विसर्जित झाली. परंतु २००४ मध्ये पगारी डॉक्टरांची वैद्यकीय केंद्रे कायद्याने मान्य झाली, ती रुग्णालयांनाही काढता येऊ लागली, आणि २००७ पासून एकच डॉक्टर रुग्णालयात व अशा केंद्रात दोन्हीकडे काम करू शकतो. १९३१ चा तह रद्द न करता काढलेली ही वाट होय.